आक्काताईंनी बांधलेली सावली

सन्माननीय अध्यक्ष लालासाहेब, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत त्या आमच्या गुरू आक्काताई, व्यासपीठावरील पाहुणे, आणि सांगलीच्या या बॅले मंडळावर जीव टाकणाऱ्या रसिकहो,

मी अंजना, आक्काताईंची पहिली शिष्या. चार शब्द बोल, पण गोड बोल, असे मला बजावण्यात आले आहे. प्रयत्न करते.

मी कुपवाडची. छप्पन साली आमच्या घराने बौद्ध धम्म घेतला. त्याआधी आम्ही कोण होतो ते इथे सर्वांना पाठ आहे. माझी आई बनाबाई सांगायची, "कडंकडंनं चाल गं पोरी, कुणाच्या अंगावर सावली पडंल." आक्काताईंनी मात्र मला आत घेतले. ते उपकार मी कशी नाकारू? त्यांनी पांढरा पडदा लावला, मागे दिवा ठेवला आणि मला पडद्यामागे उभे केले. माझी सावली नाचायची, टाळ्या पडायच्या. पडद्यापुढे यायची वेळ आली तेव्हा म्हणाल्या, "तुझा नाच लोकांना हवाय गं, तू नकोस. मी तरी काय करू?"

उपायही त्यांनीच काढला. घुंगरांच्या पूजेला समईसमोर माझी सावली पायापासून उसवली आणि लालासाहेबांच्या लेकीच्या, शालूताईंच्या पायात घुंगरांबरोबर बांधली. "वर्षभर दे. नाव झालं की सोडीन," म्हणाल्या. आपला नाच दिल्लीला जावा ही हाव मलाही होती. तो गेला. शालूताईंना पदक मिळाले. माझे पाय मात्र तेव्हापासून ताल धरीत नाहीत. अंग नुसते हलते.

ही गाठ बांधणाऱ्यालाच सुटते, आणि आक्काताई उद्या कायमच्या मद्रासला निघाल्या. म्हणून मघाशी रंगपटात त्यांच्या पाया पडून माझी सावली परत मागितली. त्या म्हणाल्या, "चांगल्या घरात रमलीय ती. कशाला मागे ओढतेस?" लालासाहेबांनी समजूत घातली, "आवं, आज समारंभ हाय, मागनं बघू." मागून म्हणजे कधी, गाडी सुटल्यावर?

बरे, राहू द्या तिला. पण लालासाहेब, ती अजून बनाबाईच्या लेकीचीच सावली आहे. शालूताईंबरोबर रोज तुमच्या देवघरात जाते. तुमच्या ताटावर पडते. पाण्याच्या हंड्यावरून फिरते. इतकी वर्षे तुम्हाला काहीच झाले नाही, याचा मला फार राग येतो.

मंडळाने बोलू दिले, आभारी आहे. काही उणेअधिक बोलले असेन तर पोटात घाला. आणि अध्यक्षसाहेब, खुर्ची अशी मागे सरकवू नका. माझ्या पायाशी पाहा, तुमच्यावर पडायला तिथे काही नाही. सरकायचेच असेल तर शेजारी बसलेल्या शालूताईंपासून सरका.