बूट फ्लॉपीले हळद-कुंकू

अरे, चहा ठेव खाली, आधी हे ऐक! बाबाचा जुना कम्प्युटर बूट फ्लॉपी लावल्याबिगर चालूच होत नाही. अख्ख्या बालाघाटात आता फ्लॉपी भेटत नाही. घरात दोनच उरल्या होत्या, त्या दोन्हीच्या मी काल हापिसातल्या कम्प्युटरवर बूट फ्लॉपी बनवल्या. पाहतो त आई एकीले हळद-कुंकू लावून राह्यली!

"आई, काहून? खराब होईन ना!"

"नवी वस्तू पूजेबिगर वापरतेत का?"

मी चिडून बिनकुंकवाची लावली. काहीच नाही! मंग नाइलाजानं कुंकवाची लावली. घर्र घर्र झालं, अन् स्क्रीनवर हिरवी अक्षरं! मी उड्याच मारल्या. किरनापुरच्या दोस्ताले फोन लावला, "तुह्या जुन्या मशीनची फ्लॉपी घेऊन ये, तिचीबी बूट फ्लॉपी बनवून देतो!"

आईनं फोन हिसकला, "अन् येतानी नारळ आणजो!"