यंत्राला कुंकू, पात्याला गंज

मंडळी, एक सांगा! देवाला हार घातला, धूप दाखवला, लोटांगण घातलं — पण गाभारा कधी झाडलाच नाही! याला भक्ती म्हणायचं का? नाही ना? माना तर झकास हलवल्यात! आता ऐका!

मिरजेला आमचे निळकंठराव घैसास, निवृत्त ड्रॉइंगमास्तर. घरापुढे चिमुकलं अंगण, त्यात हिरवळ. पत्नी सुमतीबाईंच्या अंगावरून वारं गेलेलं, डावा पाय लुळा. डॉक्टरांनी बजावलं, "मऊ गवतावर रोज चालवा, नाहीतर पाय कायमचा गेला म्हणून समजा!" आणि भाद्रपदात गवत वाढलं गुडघाभर! त्यातून साप निघाला! बाईंनी उंबरा ओलांडणंच सोडलं. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं हो!

गेले गवत कापायचं यंत्र आणायला. बरोबर शेजारचे भावे — सल्ला फुकट! "मास्तर, पेट्रोलचं घ्या! गल्ली हादरली पाहिजे!"

"अहो, माझं अंगण सतरंजीएवढं. त्याला रणगाडा कशाला?"

शहाणा माणूस! हाताने ढकलायचं, फिरत्या पात्यांचं, स्वस्तातलं यंत्र घेतलं. दुकानदार म्हणाला, "वापरलं की पुसा, तेल द्या, धार बघत जा." उंच गवत आधी विळ्याने कापलं, मग यंत्र फिरवलं. बाई पुन्हा चालू लागल्या!

आणि आली खंडेनवमी! हत्यारांची पूजा! मास्तरांनी यंत्राला झेंडूचा हार घातला, पात्यापात्याला हळदकुंकू लावलं. इथेच घोटाळा झाला! त्यांच्या मनाने घेतलं, हा आता देव! देवाला उलटं पाडून घासायचं कसं? मग काय — गवत कापायचं, नमस्कार करायचा, ओलं यंत्र तसंच कोपऱ्यात! — अहो तबलजी, हसता काय? तुमच्या स्कूटरला दसऱ्याचा हार अजून लोंबतोय!

दिवाळीत यंत्र म्हणालं — खर्रर्र... खट्! पाती गंजलेली, कुंकवाची खपली धरलेली. गवत वाढलं, बाई परत खाटेवर. भावे कुंपणावरून ओरडले, "म्हटलं नव्हतं, पेट्रोलचं घ्या!"

मास्तर पायरीवर बसले, डोळे भरून आले. "सुमे, चुकलंच माझं. भलतंच यंत्र आणलं."

बाई आतून कडाडल्या, "यंत्राला काय बोल लावता! देवघरातल्या बाळकृष्णाला रोज न्हाऊ घालता ना? मग यालाच कसलं सोवळं? आणा तो ब्रश इकडे!"

अहो, त्या माउलीने स्वतःच्या हाताने खपली खरवडली! मास्तरांनी गंज घासला, धारवाल्याकडून पात्यांना धार लावून आणली, तेल सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी — सर्रर्र! लोण्यातून सुरी!

बाई म्हणाल्या, "थांबा. मला धरू द्या."

मास्तर घाबरले. "अगं, पडशील!"

"तुम्ही आहात ना बाजूला?"

दोन्ही हात दांड्यावर. मास्तरांचा हात कमरेला. एक पाऊल... दुसरं... यंत्र पुढे, बाई मागे, डावा पाय ओढत, पण उचलत! फाटकापर्यंत गेल्या हो! काठी नाही, खुर्ची नाही! पेट्रोलचा रणगाडा त्यांना पेलला असता का? भावेसुद्धा टाळ्या पिटत होते!

आता घरी जाल. ज्यांच्या जिवावर घर चालतं — शिलाईचं यंत्र असेल, सायकल असेल, नाहीतर जन्माचं माणूस असेल — त्यांना वर्षातून एकदा नमस्कार करून सुटू नका. रोज जवळ बसा, काय गंजलंय ते बघा. हात मळतील! मळू देत. तेच हात जोडा, पांडुरंगाला चालतात!