देओलिंदा चार वेळा अमेरिकेला निघाली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या बँड मंडळाचे आधारस्तंभ, सन्माननीय दॉक्टर वास्को सेर्पा. लिस्बनहून मुद्दाम आलेले विमान खात्याचे पाहुणे. पहिल्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसलेले आपले पाद्रे. आजच्या सत्कारमूर्ती दोना देओलिंदा. आणि ओर्ताच्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी लिदुइनो गुलार्त, व्यवसायाने न्हावी. माझ्या आधी बोललेल्या पाहुण्यांनी उड्या किती लांबीच्या, इंजिनं किती ताकदीची, हे सगळं फार सुंदर सांगितलं. मला त्यातलं काही कळत नाही. मला एवढंच आठवतं, की पन्नास वर्षांपूर्वी त्या उडत्या बोटी, म्हणजे पाण्यावर उतरणारी विमानं, भर समुद्रातल्या आपल्या बेटाच्या बंदरात उतरायला लागल्या, आणि युरोपातून अमेरिकेला निघालेली मोठमोठी माणसं मध्येच आपल्याकडे अडकायला लागली. का अडकायची? कारण पोटावर बसून पळणाऱ्या विमानाला उठायला सपाट पाणी लागतं, आणि आपला समुद्र कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मग राजदूत काय, गवई काय, सगळे धक्क्यावर समोरच्या पिको बेटाच्या शिखराकडे बघत बसायचे, आणि मी त्यांच्या दाढ्या करायचो. तो माझ्या दुकानाचा सुवर्णकाळ होता, अध्यक्ष महाराज.

तर अशा वेळी आपल्या बेटावरच्या एका मुलीला, सगळ्यांत पहिल्यांदा, त्या उडत्या बोटीचं तिकीट आलं; म्हणून तर आजचा हा सत्कार. आज त्या दोना देओलिंदा आहेत, पण तेव्हा सगळं गाव तिला 'ती'च म्हणायचं, म्हणून मीही तसंच म्हणतो. बाईसाहेब, राग नसावा.

तिकीट पाठवलं होतं तेओतोनियोने. हा आपलाच माणूस, अमेरिकेत सुक्या मासळीचा व्यापार करून वर आलेला. त्याच्या आईने इथे लग्न ठरवलं. मुलाने मुलीला पाहिलं नव्हतं, मुलीने त्याचा फोटो पाहिला होता. देओलिंदाचे आईवडील नव्हते. ती तिया उर्सुलाकडे, म्हणजे मावशीकडे वाढलेली. ती "हो" म्हणाली. मागाहून मला म्हणाली, "फोटोला नाही म्हणायचं कसं रे? तो समोरून हसतच असतो."

जायचा दिवस उजाडला. सगळं गाव धक्क्यावर. आमचा बँड हजर. मी तेव्हा ट्रॉम्बोन वाजवायचो. देओलिंदाने कोंबड्या वाटून टाकल्या होत्या, पलंगही शेजाऱ्यांना दिला होता. आणि आता आयुष्यात कुणाचं तोंड बघायचं नाही म्हटल्यावर, मंडळी, तिने निरोप घेता घेता प्रत्येकाला खरं सांगायला सुरुवात केली!

मावशीच्या गळ्यात पडून म्हणाली, "मावशी, तू मला आईसारखं सांभाळलंस. पण तुझा गोड पाव दगड असतो गं. आम्ही सगळे तो मागल्या दारी बकरीला घालायचो."

तेव्हाचे पाद्रे हिजिनो, देव त्यांना सद्गती देवो, आशीर्वादाला हात वर करून उभे. त्यांना म्हणाली, "फादर, तुमचं प्रवचन फार चांगलं असतं. पण ते संपल्यावरही तुम्ही बोलत राहता."

आणि मला म्हणाली, "लिदुइनो, तू वाजवायला लागलास की मासेमारीच्या होड्या धुक्याचा भोंगा समजून परत फिरतात."

मग ती लाँचमध्ये बसली. लाँच चालवायचा अमान्सिओ सिल्वेरा. उंच, धिप्पाड आणि मुका म्हणावा इतका अबोल. माझ्या खुर्चीत बसायचा, केस कापून व्हायचे, मान हलवायचा, जायचा. त्याचं आणखी एक काम होतं. बंदराच्या भिंतीबाहेर जाऊन लाट बघायची आणि परत येऊन निशाण दाखवायचं. हिरवं म्हणजे उडा, लाल म्हणजे थांबा.

विमानात पाय ठेवता ठेवता देओलिंदा त्याच्याकडे वळली. "तुला काय सांगू, अमान्सिओ? तू कधी काही बोललाच नाहीस. बोलला असतास, तर मी फोटोला हो म्हटलं नसतं."

आणि दार लावलं!

अमान्सिओ बाहेर जाऊन लाट बघून आला. बाहेर हे एवढाले डोंगर. लाल निशाण.

आता विचार करा. ज्या लाँचमधून गेली त्याच लाँचमधून परत! दोघं समोरासमोर बसलेले, ती पिकोकडे बघतेय, तो तिच्या पायापाशी पडलेल्या दोरखंडाकडे. धक्क्यावर आम्ही सगळे. बँडने काय वाजवावं? बँडमास्तर म्हणाले, "काहीही वाजवू नका, तिच्याकडे बघूही नका." घरी पलंग नाही. तिया उर्सुलाने जमिनीवर अंथरूण घातलं आणि ताटात गोड पावाची अख्खी लादी ठेवली. म्हणाली, "बकरीला आज भूक नाहीये. तूच खा."

दुसऱ्या दिवशीही लाल निशाण. पण कॅप्टन उतावीळ. म्हणाला, बघूच. विमान भिंतीबाहेर गेलं, आपटलं, उसळलं, पुन्हा आपटलं, आणि भिजल्या कोंबडीसारखं परत आलं. एक राजदूत उतरले तेव्हा त्यांच्या दाढीत वाटाण्याचं सूप होतं. ते मीच काढलं. त्यानंतर कॅप्टनने कानाला खडा लावला. अमान्सिओचं निशाण म्हणजे देवाचा शब्द.

तिसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट. निरोपाला नव्हे हो! आज कुणाचा नंबर लागतो ते ऐकायला! बेटाच्या पार पलीकडच्या सेड्रोसहून लोक गाढवावर बसून आले. नगराध्यक्ष सर्दीचं निमित्त काढून घरी बसले. पण देओलिंदाकडे आता सांगायला काही उरलं नव्हतं. ती सगळ्यांना "येते" एवढंच म्हणाली, आणि लाल निशाण लागल्यावर खरंच आली.

आणि चौथा दिवस. मंडळी, तसा समुद्र मी पुन्हा पाहिला नाही. पाणी कसं, तर ताटात ओतलेल्या तेलासारखं. पिको त्यात उलटा दिसत होता. आम्हाला वाटलं, झालं, आज गेली. तिया उर्सुला पाव-बकरी सगळं विसरून रडायला लागली. अमान्सिओ बाहेर जाऊन आला, विमानाच्या बाजूला लाँच लावली, आणि निशाण वर केलं.

लाल!

कॅप्टन खिडकीतून अर्धा बाहेर आला. "आंधळा आहेस काय? लाट कुठाय?"

अमान्सिओ गप्प. निशाण वर.

वारा इतका पडलेला की शब्द न् शब्द धक्क्यावर ऐकू येत होता. बँडमास्तरांनी टोपी काढली. विमानाचं दार उघडलं आणि देओलिंदा दारात उभी राहिली.

"अमान्सिओ, ते निशाण खाली घे."

त्याने मान हलवली. नाही.

"अरे माणसा, मग तोंडाने सांग ना!"

अख्खं ओर्ता श्वास धरून उभं. पाद्रे हिजिनो माझ्या कानाशी पुटपुटत होते, "बोल रे बाळा, बोल. मी एवढा बोलतो, तू एक शब्द बोल." अमान्सिओने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. त्याच्या कपाळावरचा घाम आम्हाला धक्क्यावरून दिसत होता. पण शब्द काही येईना.

देओलिंदा थांबली. चांगली थांबली. मग हळूच म्हणाली, "बरं. कॅप्टन, चला."

आणि अमान्सिओने, मंडळी, स्वतःच्या हाताने लाल निशाण उतरवलं आणि हिरवं चढवलं. ती गेली. आम्ही वाजवायचं विसरलो.

तिकडे काय झालं, ते तिनेच मागाहून सांगितलं. तेओतोनियो घ्यायला आला तो फोटोपेक्षा बराच वयस्कर, आणि फोटोपेक्षा बराच घाबरलेला. त्याचं मन तिथल्याच एका चीज विकणाऱ्या विधवेवर होतं, पण आईपुढे बोलायची छाती नव्हती. देओलिंदा म्हणाली, "तूही न बोलणाऱ्यांतलाच का!" आणि तिनेच त्या दोघांचं लग्न लावून दिलं, लग्नात नाचली, शिवणाच्या कारखान्यात कामाला लागली आणि दोन वर्षं स्वतःच्या पायावर राहिली. मग परत का आली? तिया उर्सुलाने विचारलं तेव्हा म्हणाली, "तिकडे सगळे फार बोलतात, मावशी. पण माझ्यासाठी समुद्राला खोटं पाडणारा एकही भेटला नाही."

इकडे अमान्सिओ रोज माझ्या दुकानात. केस कापायला नव्हे. आरशासमोर बसायचा आणि बोलायचा सराव करायचा. पहिल्या महिन्यात "देओलिंदा" एवढंच. मी वस्तरा हातात धरून उभा. मग वाक्य झालं. मग गिऱ्हाइकांशी बोलायला लागला. मग थांबेचना! तो पहा, तिसऱ्या रांगेत, मी बोलतोय तरी शेजाऱ्याला काहीतरी सांगतोय. अमान्सिओ, बाबा, तुझीच गोष्ट चाललीय!

दोन वर्षांनी उडती बोट उतरली. अमान्सिओने तिला लाँचमध्ये घेतलं आणि लगेच तोंड उघडलं. ती म्हणाली, "आत्ता नाही. आधी मला जमिनीवर ने. पाण्यावर आहोत तोवर मी परत फिरू शकते." धक्क्यावर तिने दोन्ही पाय घट्ट रोवले आणि म्हणाली, "हं, बोल आता." तो बोलला. एकच वाक्य. आणि तिने पिशवी त्याच्या हातात दिली.

काय बोलला? मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो! पण नेमकं त्याच क्षणी आमच्या मास्तरांना स्वागताचा उत्साह आला, आणि मी ट्रॉम्बोन फुंकत होतो. गावात कुणीही ते वाक्य ऐकलं नाही. इतकी वर्षं मी दाढी करता करता विचारतोय. जगातल्या सगळ्या विषयांवर बोलणारा हा माणूस तेवढं सांगत नाही.

पण आज बँड गप्प आहे, अध्यक्ष महाराज. लिस्बनचे पाहुणे आहेत. अमान्सिओ, ऊठ. सांग या सभेला... उठला! उठला, मंडळी! शांतता...

काय? काय म्हणालात, दोना देओलिंदा? मागच्यांना ऐकू आलं नाही, मी सांगतो. त्या म्हणाल्या, "बस खाली, अमान्सिओ. ते वाक्य माझं आहे."

बसला.

आता मी काय बोलणार? मीही बसतो. मंडळाने मला इथे उभं केलं, तुम्ही इतका वेळ सहन केलंत, त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. वस्तरा चालवताना माझ्या हातून कुणी कापलं गेलं नाही, पण जीभ चालवताना कुणाला लागलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. दोना देओलिंदा, आमच्या सगळ्यांचा नमस्कार स्वीकारा.