शेजारच्या माठात पिऊचा हात

बरोबर सव्वादहा वाजता आम्ही परभणीत एक घर बघायला पोचलो. मामा, म्हणजे माझे सासरे, मानवतच्या एका शाळेत शिपाई होते. रिटायर झाले, म्हणून आता परभणीत घर घ्यायचं होतं. आधी दोन घरं लय आवडली होती, पण आडनाव सांगितलं की मालक म्हणायचे, "कालच दुसऱ्याला शब्द दिला बघा."

सासूबाईंची एक रीत आहे. घर नंतर, आधी शेजारी पाणी मागायचं. शेजारच्या काकूंच्या दारात जाऊन त्या सरळच म्हणाल्या, "आमी बौद्ध हाव. प्यायला पाणी देता का?"

काकू काही बोलायच्या आत माझी तीन वर्षांची पिऊ आत पळाली अन् तिनं माठात कोपरापर्यंत हात घातला!

"ए पोरी, थांब!" काकू ओरडल्या.

मी दारातूनच म्हणाले, "चुकलं काकू, लहान हाय ती."

"लहान हाय म्हणूनच ना! कालचं पाणी हाय ते, माठ धुवायला काढलाय मी. लेकराचं पोट बिघडलं मंजी? ताजं हंड्यात हाय. आई हायस ना? मग बघत काय उभी ऱ्हायलीस?"

बोलणी खाऊन इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. घर काकूंच्या दिराचंच होतं. मामांनी ते आतून न बघताच हो म्हणलं.

काकूंच्या पलीकडचं घरही विकायचं आहे. लेकरंवालं कुणी घर शोधायलं असंल, तर एवढं त्यांच्या कानावर घाला.