धोंडीबाचा बैल

हसू नका, पण चित्र फार हुबेहूब काढल्यामुळे मी एकदा फसलो. हिर्डोशीच्या वरच्या वाडीजवळ बुळकांडी, गुरांची जीवघेणी साथ, येऊन ठेपली होती. लस टोचून घेण्याची संस्थानाची नोटीस पोचवायचं काम माझ्याकडे होतं, पण तिथं ती वाचणार कोण? म्हणून मी समोर बांधलेला धोंडीबाचा बैल बघून चित्र काढलं, शेजारी सुई घेतलेला डॉक्टर काढला आणि देवळाच्या भिंतीवर लावलं. सोमवारी देवळापुढे टोचणार, एवढंच तोंडी सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सोमवारी भोरहून डॉक्टर आले. देवळापुढे एकटा धोंडीबा आणि त्याचा बैल.

"बाकीची गुरं कुठं आहेत?" मी ओरडलो.

"रानात," पाटील म्हणाले.

"अहो, चित्र पाहिलंत ना?"

"पाह्यलं की. डाव्या शिंगाला बाक, धोंडीबाचाच बैल. आमची गुरं कुठं हाईत त्यात?"

"सगळ्यांनाच टोचायचंय!"

"मग तसं काढायचं!"

डॉक्टर घड्याळ बघू लागले. मी कोळसा घेऊन भिंतीवर एकेक गाय काढत सुटलो. ज्याची गाय काढून होई, तो ती आणायला रानाकडे पळे.

शेवटी सखूआजी भिंतीला नाक लावून उभ्या राहिल्या.

"अरं बाबा, माझ्या गाईच्या कपाळाला चांद हाय. नीट काढ, न्हाईतर म्या आणायची न्हाई."