पोलिसाचं नाव

बाई : नाही हो, छकुली पडली-बिडली नाही. पाऊण तास झाला, टेबलाखाली बसलीये आणि म्हणतेय, बाबांबरोबर घरी जाणार नाही.

बाबा : माझ्याबरोबर? सकाळी तर माझ्याच खांद्यावर बसून शाळेत आली. बाई, शिकवलंत तरी काय?

बाई : पाद्रीबाबांची गोष्ट. त्यांच्या गावात नियम होता, खालच्या वस्तीतल्या माणसांनी वाचनालयात बसायचं नाही. पाद्रीबाबा त्याच वस्तीतले. रोज तिथे जाऊन बसायचे, मांडीवर बायबल घेऊन. शेवटी पोलीस आला धरायला. पहिलीच्या पोरांना नुसतं सांगून काय कळणार, म्हणून नाटक केलं.

बाबा : आणि पोलीस हिला केलंत.

बाई : तिनंच हात वर केला. म्हणाली, आमच्या घरी एक आहे.

बाबा : मग घाबरली का?

बाई : छे. पाद्रीबाबा झालेल्या पोराची कॉलर सोडेना. पण गोष्टीत असं आहे की पाद्रीबाबा त्या पोलिसाला नाव विचारतात. त्याच्यासाठी प्रार्थना करायची म्हणून. पोरानं विचारलं आणि हिनं तुमचं नाव सांगितलं. आडनावासकट.

बाबा : माझं?

छकुली : मला दुसऱ्या पोलिसाचं येत नाही.

बाई : मग सगळ्या वर्गानं हात जोडले आणि तुमचं नाव घेऊन म्हणाले, देवा, यांना क्षमा कर. मी थांबवायला हवं होतं की नको, मला अजून कळत नाहीये. तोवर ही टेबलाखाली.

बाबा : (टेबलापाशी उकिडवा बसत) छकुली, ते नाटक होतं गं.

छकुली : क्षमा चुकल्यावर मागतात. तू काय केलंस?

बाबा : काही नाही केलं.

छकुली : मग सगळे का म्हणाले?

बाबा : ते गोष्टीतल्या पोलिसासाठी म्हणाले. आणि त्याचं तरी काय चुकलं? नियम मोडला की धरावंच लागतं.

छकुली : बाई म्हणाल्या, नियमच वाईट होता.

बाबा : असं म्हणालात, बाई?

बाई : म्हणाले. आता वर्दीतल्या माणसासमोर म्हणताना जीभ अडखळतेय, पण वाईटच होता.

छकुली : मग पाद्रीबाबा चांगले ना? आणि पोलीस पण चांगला? मग चांगल्यानं चांगल्याला का धरलं?

बाबा : थांब जरा. मलाच काही सुधरेनासं झालंय. नियम चांगला का वाईट, हे आम्हाला कुणी विचारत नाही, बाळा.

छकुली : तू धरलंस असं कुणाला?

बाबा : आज सकाळी. तुला इथे सोडलं, त्यानंतर. पाणी खात्याच्या कचेरीच्या दारात एक आजी बसते रोज. तिच्या वस्तीत नळ नाही म्हणून. साहेबांचा हुकूम आला, मी तिला उचलून फाटकाबाहेर नेऊन ठेवलं. वजन म्हणशील तर तुझ्याएवढंच असेल. लाज वाटली मला, खरं सांगतो.

छकुली : तिनं नाव विचारलं?

बाबा : विचारलं.

छकुली : सांगितलंस?

बाबा : नाही. छातीवरच्या नावाच्या पट्टीवर हात ठेवला. वाटलं, तक्रार करेल.

छकुली : मग आता ती प्रार्थनेत काय म्हणणार?

बाई : छकुली, पुरे आता.

बाबा : असू द्या, बाई. मला नाही माहीत गं.

छकुली : ती घरी गेली?

बाबा : कसली जातेय. आमची पाठ फिरली की परत येऊन बसते.

छकुली : मग तिला नाव सांगून ये.

बाबा : आणि मग येशील माझ्याबरोबर?

छकुली : आधी सांगून ये.