पाच जणांचा फोटो

नाही हो मास्तर, उठते, उठते — माझा अर्धा तास संपला, दिसतंय मला घड्याळ, वहीत पुढचं नाव तुमचंच आहे — पण या कॉम्प्युटरवर एवढा एक फोटो उतरू द्या. बघा ना, वरून पट्टी-पट्टीनं येतोय, आत्ता कुठे नुसतं आभाळ आलंय. आमचा पोरगा, टोर्लाइफ, तुमच्याच हाताखाली शिकला ना? त्याची मासेमारीची बोट उलटली. पहाटे, बेटाच्या पलीकडे. सहा जण होते. पेपरवाल्यांनी नेटवर टाकलंय — पाच वाचले, हेलिकॉप्टरनं इस्पितळात आणले, खाली फोटो. नावं नाहीत. आधी घरच्यांना कळवायचं असतं म्हणे. मग कळवा ना! बोटीच्या मालकाचा फोन सकाळपासून लागत नाही.

घरी आहे की नेट, नाही कसं — पण ते लावलं की फोन बंद, लाइन एकच, आणि आज फोन मोकळा नको? म्हणून इथे वाचनालयात धावत आले. तसं घरचंही असंच रांगतं, वर मिनिटामिनिटाला पैसे. म्हणून मी संध्याकाळी लावते, दर उतरल्यावर. कालही लावलं होतं. काल... काल सहाला तो बंदरावरून फोन करणार होता. हवा बिघडणार होती ना, बोटीचा तांडेल म्हणाला होता, ज्याला यायचं नाही त्यानं खुशाल राहावं. टोर्लाइफ मला म्हणाला, "तू सांगशील तसं करतो." आणि मी साडेपाचला बसले, म्हटलं पंधरा मिनिटं — उठले तेव्हा सव्वासात. एक जण आहे, डेन्मार्कचा. तसं काही नाही हो! विधुर आहे, कोंबड्या पाळतो, नुसतं लिहितो आम्ही एकमेकांना. पण तो विचारतो, आज दिवसभर काय केलंस — मला कोण विचारतं असं? हे कुणाला बोलू नका, मास्तर. मी तुम्हाला तरी का सांगतेय...

हललं! डोकी. हे टक्कल — तांडेल. हे दोघे स्वेन आणि त्याचा भाऊ. आणि उंच माणूस आधी दिसायला हवा की नको? वर्गात सगळ्यांत उंच कोण होता? तोच ना? तीनच डोकी आहेत. तीनच... थांबलं. का थांबलं? हात नका लावू! पुन्हा पहिल्यापासून येईल.

घरी फोनपाशी गुनवोर बसलीय, आर्व्हिडची बायको — तिचा आर्व्हिड बोटीवर स्वयंपाक करतो. तीच सांगत होती सकाळी — टोर्लाइफनं फोन लावून लावून हात टेकले, सारखा एंगेज, शेवटी म्हणाला, जातोच. आर्व्हिडला मात्र त्याच फोनवरून घर लागलं. तर ही त्याला म्हणाली, "टोर्लाइफ जातोय ना? मग भ्यायचंय काय, जा." मला कॉफी ओतून देता देता सांगत होती. "कुणाशी एवढं बोलत होतीस गं?" मी म्हटलं, बहिणीशी.

आलं, आलं — खाली दोघं बसलेत, चाकाच्या खुर्चीत. हा कान बघा, लहानपणी दारात चेपलेला — टोर्लाइफ! तोच! जिवंत आहे... देवा. आणि हा शेजारचा? दाढी आहे. दाढी इंजिनवाल्या ओडमुनची. आर्व्हिड तर रोज दाढी करतो, बोटीवरसुद्धा.

पाच झाले. थांबा, अजून खाली येतंय काहीतरी. पाय. याच पाच जणांचे, सहावं कुणी नाही.

गुनवोर म्हणाली होती, पळत जा आणि पळत ये. ती दारातच उभी असेल. तिला काय सांगू — कुठून सुरुवात करू? तुम्ही याल माझ्याबरोबर? तुमचं ऐकते ती... नको. तुमच्यासमोर मला खोटं बोलता यायचं नाही. माझा कोट द्या तेवढा. आणि असे बघू नका माझ्याकडे. बसा. बसा म्हटलं ना, तुमची वेळ चाललीय.